गुरुवारची मूठ

"मी जेवीसन उनू, बाय," असं म्हणून ती म्हातारी रांगेतून बाजूला सरली आणि भिकुबाईच्या हातातला डाव डाळीच्या पातेल्यातच थांबला. तसं पाहिलं तर काहीच घडलं नव्हतं. सकाळचे साडेअकरा झाले होते, जळगावच्या सरकारी दवाखान्याच्या मागच्या अंगाला, दत्तमंदिराच्या पत्र्याच्या शेडमध्ये पहिली पंगत बसायची होती, आणि टेबलाशी बसलेली तिची सून हेमांगी एकेकाचं आधार कार्ड बघून, अंगठा यंत्रावर ठेवून घेऊन, फोनवर फोटो काढून आत सोडत होती. रोजचंच. म्हातारीची पाळी आली तेव्हा हेमांगीने गोडच विचारलं होतं, "आजी, आधार कार्ड?" म्हातारीने आधी पदराची गाठ चाचपली, मग पिशवीत हात घातला, पिशवीतून एक लहानसं झबलं आणि कंगवा वर आला, ते तिने पुन्हा आत दाबलं. मागचा माणूस म्हणाला, "चला ना आजी, ऊन लागतंय." तेव्हा ती ते जेवून आल्याचं वाक्य बोलली आणि निघाली. भराभर निघाली असती तर भिकुबाईला काही वाटलं नसतं. पण ती सावकाश निघाली, पोट भरलेलं माणूस निघतं तशी. पदराने तोंडसुद्धा पुसलं तिने, कोरडंच. शेडमध्ये चाळीस-पन्नास माणसं होती, एकाचंही तिकडे लक्ष गेलं नाही. भिकुबाईचं गेलं, कारण ते कोरडं तोंड पुसणं तिच्या ओळखीचं होतं.

ओळखीचं म्हणजे तिचं स्वतःचंच. धुळ्याला, एकोणीस वर्षांपूर्वी, दवाखान्याच्या व्हरांड्यात. तिच्या युवराजचे वडील (त्यांचं नाव ती अजूनही तोंडाने घेत नाही) डाळ मिलच्या पट्ट्यात हात सापडून तिथे पडले होते, आणि घरून बांधून आणलेल्या भाकरी तिसऱ्या दिवशी संपल्या होत्या. माहेर धुळ्यापासून हाकेच्या अंतरावर. पण माहेरी निरोप धाडायचा तर उपाशी आहे म्हणून धाडायचा, आणि ती भिकुबाई होती. तिच्या आधीची तीन लेकरं गेली म्हणून तिच्या आईने पाच घरी पदर पसरून दाणे मागितले, त्या दाण्यांची पेज पिऊन बाळंतपण काढलं आणि पोर जगली तेव्हा तिचं नाव भिकू ठेवलं. त्या नावाचा तिला जन्मभर राग. 'नावात भीक शे, अंगात नही,' असं सासरी पहिल्याच महिन्यात तिने मोठ्या जावेला ऐकवलं होतं, आणि जाऊ पुढे वर्षभर बोलली नव्हती. तर व्हरांड्यात चौथ्या दिवशी पांढऱ्या टोप्या घातलेली माणसं आली, पुऱ्यांची पाकिटं घेऊन. संस्थेचं नाव छापलेलं मोठं फडकं धरलेलं दोघांनी, एकाच्या हातात वही. नाव काय बाई, गाव कोणतं, आत कोण आहे, घरी शेती किती. तेव्हा हिने पदराने तोंड पुसलं आणि म्हणाली, मी जेवून आले. दिवसभर नळाचं पाणी. पाचव्या दिवशी एक बाई टोपली घेऊन व्हरांड्यातून चालत आली, कळण्याची, ज्वारी-उडदाची एक भाकर आणि त्यावर ठेच्याचा गोळा तिने हिच्या हातावर ठेवला आणि पुढे गेली. हिने वर बघेपर्यंत पाठच दिसली. हिरवं पातळ, पाठीवर घामाचा डाग. नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही, 'खा' असंसुद्धा म्हणाली नाही. ती भाकर गार होती, कडेला जरा करपलेली होती, आणि उडदाचा तो कडवट वास अजून भिकुबाईच्या टाळूला आहे. विचारलं असतं तर मी नाहीच म्हटलं असतं, हे तिला तेव्हाही कळलं होतं. उपाशी मेले असते, पण नाही म्हटलं असतं.

तिने डाव सोडला. टोपल्यातल्या दोन चपात्या उचलल्या तशी चपात्यांवरची बाई म्हणाली, "अक्का, मोजलेल्या आहेत हो." भिकुबाईने तिच्याकडे असं पाहिलं की ती दुसरं टोपलं फडक्याने झाकू लागली. बाहेर ऊन पांढरं झालेलं. रावेरकडून आलेला केळीचा ट्रक वळणावर अडकून भोंगा देत होता. म्हातारी निंबाच्या सावलीत नळाजवळ बसलेली दिसली, ओंजळीने पाणी पीत. भिकुबाई तिच्या शेजारी जाऊन बसली, न बोलता, आणि चपात्या तिच्या मांडीवर ठेवल्या, अगदी तशाच, जसं तिला कुणीतरी शिकवलं होतं. म्हातारीने चपात्यांकडे पाहिलं. मग भिकुबाईच्या पदराला लावलेल्या ओळखपत्राकडे पाहिलं, ज्यावर भिकुबाईचा फोटो होता आणि खाली योजनेचं नाव. चपात्या तिने उचलून परत भिकुबाईच्या मांडीवर ठेवल्या, हळूच, जपून, जणू त्या दुसऱ्याच्या लेकराच्या होत्या. "नही माय. भूक नही माले. आंडेर बाळंत व्हयनी, तिले द्याले चहा लई जास." लेकीच्या चहाचं असं सांगून ती उठून गेली. भिकुबाईला हे नवीन होतं. आतापर्यंत तिला वाटत होतं, विचारणं चुकलं तर न विचारता दिलं म्हणजे झालं. पण एकदा विचारलं की विचारलं. माणसाने एकदा तोंड पुसलं की ते त्याला पुन्हा उघडता येत नाही.

शेडमध्ये परतली तेव्हा हेमांगी टेबलावरून उठून आली होती. तिचे डोळे भरले होते. "आई, मी हाकललं नाही हो त्यांना. यंत्र पुढेच जात नाही नंबर टाकल्याशिवाय. मी काय करू?"

"तू नाही हाकललं," भिकुबाई म्हणाली. "मी हाकललं. तू बस तिथे, ऊन लागेल."

आणि ते खरंच होतं. त्या एका करपलेल्या भाकरीचं पुढे जे झालं ते तिने आपल्या हाताने केलं होतं आणि आपल्याच तोंडाने मोडलं होतं. धुळ्याहून परत आल्यावर पहिल्या गुरुवारी तिने पीठ मळायच्या आधी एक मूठ डब्यात टाकली. मग शेजारणीने टाकली. मग भजनी मंडळातल्या बायांनी. पिंप्राळ्यात गल्लीगल्लीत ती रीत पसरली आणि रीत तिनेच घालून दिली, कडक. मूठ रोज काढायची, आणि आधी, नंतर नाही. उरलेलं द्यायचं असेल तर ते गाईला द्या. मूठ जी भाकर थापेल तिच्याच हातची, मग ती सासू असो की परवा आलेली सून. डब्याला झाकण, म्हणजे कुणाची मूठ केवढी ते कुणी बघायचं नाही. गुरुवारी झोळी घेऊन ती आणि दोघीतिघी फिरत. दत्ताची झोळी, म्हणून तोंडाने मागावं लागत नसे. झोळी दारात दिसली की आतून डबा येई. ज्वारी, बाजरी, कळणा, गहू, सगळं पीठ त्या झोळीत एकमेकांत जायचं, आणि दवाखान्यातल्या माणसांसाठी रोज थापलेली त्याची भाकर कधी एका चवीची झाली नाही. एक दिवस गोडसर, एक दिवस कडवट. दवाखान्यातली माणसं हसायची, 'अक्का, आज कोणाच्या घरची शे?' ती म्हणायची, 'बठ्ठा गावनी,' सगळ्या गावची. पन्नास जेवत, कधी साठ, कधी पीठ कमी पडलं की अर्धी अर्धी. आणि पंगत बसली की वाढणाऱ्या बाया आधी वाकायच्या, जेवणाऱ्यापुढे, कारण दत्त कुठल्या रूपात येऊन बसला असेल कोण सांगणार. पारोळ्याचा एक दारुडा तेवढ्यासाठी रोज यायचा. म्हणायचा, घरी मले कोन्ही नमस्कार करत नही. भिकुबाई त्याला शिव्या द्यायची आणि वाकायची, दोन्ही.

मग युवराजने अनुदान आणलं. पोरगा खासगी शाळेत मास्तर, मंदिराच्या मंडळाचा चिटणीस, कागदात हुशार. तिला लाज वाटावी असं त्यात काही नव्हतं, उलट अभिमानच वाटला. शेड झाली, गॅसच्या शेगड्या आल्या, स्टीलची ताटं आली, पन्नासाचे चारशे झाले. चारशे माणसं दोन चपात्या, भाजी, डाळ, भात खाऊन उठायची. पोटं काही खोटी नव्हती. आणि त्या साली दत्तजयंतीला, मंदिराच्या ओट्यावर उभं राहून, हातात माइक घेऊन तिने सांगितलं, "बायांनो, आजपासून तुमची मूठ बंद. फार वर्षं दिलीत. आता तुमचे हात मोकळे." टाळ्या झाल्या. त्या टाळ्या अजून तिच्या कानात बसल्या आहेत, आणि आज उन्हात परत चालताना तिला कळलं की त्या कशाच्या होत्या. सुटल्याच्या होत्या. का सांगितलं तिने तसं? युवराजने सांगितलं नव्हतं, सरकारच्या कागदात तसं काही नव्हतं. एका गल्लीत, दाराआड, एका सुनेचा आवाज तिने ऐकला होता: 'आली बघा म्हातारी झोळी घेऊन.' तेवढंच. तो आवाज तिने दोन वर्षं मनात पाळला आणि ओट्यावर उभं राहून त्याचं उत्तर दिलं. नावातली भीक तिला त्या दिवशी पुसून टाकायची होती. तीनशे घरांच्या हातात रोज सकाळी एक अनोळखी माणूस यायचा, पीठ मळण्याआधी, एवढासा, मुठीएवढा. त्याला तिने एका वाक्यात घराबाहेर काढलं.

बाकीचं मग आपोआप झालं, कुणी वाईट न वागता. शेडमध्ये दत्ताची तसबीर चालणार नाही असं अनुदानाचे साहेब म्हणाले, ती कोठीत गेली. त्याचं तिला फार काही वाटलं नाही. देवाला काय, त्याला तांदळाच्या पोत्यांतही झोप लागते. भाकरीच्या जागी चपाती आली, कारण कागदात चपाती होती. तीन पंगती उठवायच्या म्हणून वाकणं राहून गेलं. फोटो पाठवायचे म्हणून जेवणारे हात जोडून बसू लागले. आधी वाढणारी वाकायची, आता खाणारा वाकू लागला, आणि फरक कुणाला दिसलाही नाही. पारोळ्याचा दारुडा दोनदा येऊन गेला आणि मग आलाच नाही. आणि मंदाबाई येईनाशी झाली.

मंदाबाईचं नाव मनात आलं तशी भिकुबाईने वाढपाची पाळी दुसरीला दिली आणि चपला घातल्या. मागच्या गल्लीत दुसरं घर, दारात जास्वंद, भिंतीवर बाबासाहेबांचा आणि बुद्धाचा फोटो. मंदाबाई तीस वर्षं अंगणवाडी सेविका होती, आणि पिंप्राळ्यात तिच्यासारखी पातळ भाकर कुणाची होत नसे. पहिल्यांदा झोळी तिच्या दारावरून पुढे निघाली होती, तिने ती मागून हाक मारून थांबवली होती: "ओ अक्का, माझं घर दिसत नाही का? तुमच्या देवाला नाही देत मी. जेवणाऱ्याला देते. चालतं का?" भिकुबाईने झोळी उघडली होती आणि म्हणाली होती, "देवालाही तेच पुरतं." त्यानंतर नऊ वर्षं मंगळवार-शुक्रवार ती येऊन भाकरी थापायची. गेली दोन वर्षं नाही. भिकुबाई विचारायला गेली नव्हती. तिला वाटलं होतं, गुडघे दुखत असतील.

"गुडघे बरे आहेत माझे," मंदाबाई म्हणाली. पाणी दिलं, समोर बसली. "दोन वर्षांनी आठवण झाली का, अक्का?"

"मी मूर्ख आहे. पुढे बोल."

मंदाबाई जरा हसली. मग तिचा चेहरा शांत झाला. "तुमचा युवराज आला होता वही घेऊन. चांगला पोरगा आहे, मावशी मावशी करतो. स्वयंसेवकांची यादी करायची होती. म्हणाला, मावशी, नावापुढे एवढा जातीचा रकाना भरा, त्याचे आपल्याला गुण मिळतात, पुढच्या वर्षी मंजुरीला सोपं जातं. अक्का, नऊ वर्षं मी तुमच्या चुलीपुढे बसले. तेव्हा मी मंदा होते. त्या दिवशी मी गुण झाले."

भिकुबाईने पाण्याचा पेला खाली ठेवला.

"सरकारचा पैसा वाईट नाही हं," मंदाबाई म्हणाली. "माझं घर त्याच्यावरच उभं राहिलं, पोरी त्याच्यावर शिकल्या. तीस वर्षं रजिस्टरं भरली मी. सरकारनं विचारलंच पाहिजे, नाहीतर आमचा वाटा दुसरेच खातात. पण तिथे मी हक्काचं घेत होते. तुमच्याकडे मी देत होते. देणाऱ्याला जात विचारायची गरज काय?"

"मूठ काढतेस का अजून?"

"वर्षभर काढली, तुम्ही बंद केल्यावरही. न्यायला कोणी येईना. चिमण्यांना घातली. मग एक दिवस विसरले, दुसऱ्या दिवशी आठवलं नाही. विसरायला काय लागतं, अक्का? डबा आता रव्याचा झालाय."

उठताना भिकुबाईने तिचा हात धरला, आणि सोडवेना म्हणून जरा वेळ तसाच धरून ठेवला. माफी मागायची तिला सवय नव्हती. मंदाबाईलाही ते ठाऊक असावं, कारण तिने हात काढून घेतला नाही, आणि 'येते पुन्हा भाकरी थापायला' असंही म्हणाली नाही.

चार वाजता मंदिराच्या ओसरीवर बैठक होती. पुढच्या तीन वर्षांच्या अर्जावर अध्यक्षा म्हणून भिकुबाईची सही हवी होती, आणि अर्ज दुसऱ्या दिवशी जायचा होता. शाळा दुसरीपर्यंतच झालेली. सही ती चाळिशीत शिकली होती, प्रौढ शिक्षणाच्या बाईंकडून, आणि ती करताना तिची जीभ ओठांत धरलेली असे. युवराजने फाइल उघडून पेन तिच्यापुढे ठेवलं. शेजारी जीवरामआबा, मंडळातले जुने, केळीचा धंदा पोरांवर सोडून देवळात बसणारे, आणि दोघेतिघे.

"मी सही करत नाही," भिकुबाई म्हणाली.

युवराजला वाटलं चष्मा राहिला. तो उठायलाही लागला. मग तिने सकाळची म्हातारी सांगितली, चार वाक्यांत. सगळ्यांनी च्-च् केलं. युवराज म्हणाला, "आई, एवढंच ना? त्याला मार्ग आहे. ज्याच्याकडे कार्ड नसेल त्याला जुन्या यादीतल्या कोणाच्या तरी नावावर जेवू घालू. सगळेच करतात."

"म्हणजे माझ्या दारात माणूस दुसऱ्याचं नाव घेऊन जेवणार?"

"जेवणार तर खरा!"

"आणि उद्या ते नाव खरंच जेवायला आलं तर? त्याला म्हणशील, तू जेवून गेलास?"

जीवरामआबा हसले, मग हसू आवरलं. "अक्का, तुझं बरोबर शे. पण जरा डोकं थंड ठेव. शेड त्यांची, गॅस त्यांचा, पीठ त्यांचं. हे बंद झालं तर चुलीवर काय घालशील? तुझा राग?"

"घालीन. तोही पेटतो."

"आई," युवराज म्हणाला, आणि आता त्याचा आवाज मास्तरचा नव्हता, मुलाचा होता, म्हणून जास्त लागला, "चारशे माणसं जेवतात. तू आणि तुझी झोळी, साठ. मध्ये तीनशे चाळीस माणसं आहेत. त्यांना त्या फोटोचं काही वाटत नाही. अंगठा लावतात, जेवतात, जातात. एक म्हातारी रुसली म्हणून तू तीनशे चाळीस जणांच्या तोंडचा घास काढणार? हे धर्माचं आहे का तुझ्या मानाचं? खरं सांग."

खरं सांगायचं तर तिला ते ठाऊक नव्हतं. तिने आत पाहिलं, जसं विहिरीत वाकून पाहावं, आणि तळाशी तिलाच तिचं तोंड दिसलं, ताठ. मान होताच त्यात. धुळ्याच्या व्हरांड्यात ज्याने तिला दिवसभर उपाशी ठेवलं तोच मान. पण तोच मान त्या म्हातारीतही होता, आणि मंदाबाईत, आणि त्या दारुड्यातही, शिवी खाऊन नमस्कार घेणाऱ्या. गरिबाच्या अंगावर एवढंच धड उरलेलं असतं. ते काढून घेऊन पोट भरायचं, असा हा व्यवहार. आणि तो कुणी ठरवला नव्हता, कागदातून आपोआप झिरपला होता, पत्र्याच्या खिळ्यातून पाणी झिरपतं तसा. चारशे जेवतात हे खरं. आणि जे निघून जातात ते कोणत्याच यादीत नसतात हेही खरं. त्यांचा फोटो कोण काढणार? पण युवराजचे तीनशे चाळीसही खरे होते. ते तिच्यापुढे बसले होते, ताट घेऊन, तिच्याकडे बघत. पाचोऱ्याचा एक गडी आठवला, बायको अतिदक्षतेत, काल तिसऱ्यांदा भात मागून घेणारा. त्याला काय सांगणार?

"तुझं बरोबर आहे," ती म्हणाली. "मानाचंही आहे."

युवराजने सुस्कारा सोडला आणि पेन पुन्हा पुढे केलं.

"कोरा कागद दे," भिकुबाई म्हणाली. "लिही. एक एप्रिलपासून या दारातून जो उपाशी परत जाईल त्याचं पाप अध्यक्षा भिकुबाई हिच्या माथी. तुझ्या नाही, आबांच्या नाही, सरकारच्या नाही. लिहून घे. त्याच्यावर सही करते."

"असं कोणी लिहितं का, आई!"

"मग दुसऱ्या कशावर मी करत नाही. मार्चअखेरपर्यंत त्यांचं आहे तोवर वाढू, नीट वाढू, कुणाला कमी नको. मग ताटं मोजून परत द्या त्यांची त्यांना. चांगली माणसं आहेत, त्यांनी काही चोरलं नाही. त्यांना हे दवाखान्यातच चालवायचं असेल तर चालवू दे, मी चपात्या लाटायला जाईन, मजुरीने. पण दत्ताच्या दारात कोणाला कोण म्हणून विचारायचं नाही. आणि मंदाबाईच्या नावाचा कागद तेवढा फाईलीतून काढ. आत्ता. माझ्यासमोर."

युवराजने फाइल पुढे ओढली. मग त्याने तो कागद काढला आणि घडी करून खिशात घातला. आईकडे पाहिलं नाही. जीवरामआबा पागोट्याखाली डोकं खाजवत म्हणाले, "बाईमाणूस नही, दगड शे." त्यात राग किती आणि काय किती, कळलं नाही. बाकीच्यांनी चहा घेतला नाही.

मधला बुधवार घरात तसाच गेला. युवराजने जेवताना मीठ मागितलं तेही हेमांगीकडे. भिकुबाईने कोठीतून झोळी काढून धुतली, वाळत घातली. भगवा रंग जाऊन ती पायपुसण्यासारखी दिसत होती. गुरुवारी सकाळी सात वाजता ती निघाली, एकटीच. जुन्या गल्लीत जायला हवं होतं, पण पाय तिकडे वळेनात. तिथल्या बायांना तिने स्वतः मोकळं केलं होतं, त्यांच्यापुढे परत कोणत्या तोंडाने? मग आधी अनोळखी दार, असं तिने ठरवलं. जिथे मान नाही तिथे तो जाणारही नाही. पूर्वीच्या मोकळ्या मैदानात आता पाच मजली पिवळी इमारत होती, फाटकाशी रखवालदार.

"कोणाकडे जायचं, आजी?"

"ज्याच्या घरी चूल पेटते त्याच्याकडे."

"इथे सगळ्यांकडे गॅस आहे."

"मग सगळ्यांकडे."

तो हसला आणि त्याने फाटक उघडलं. पहिलं दार उघडलं नाही. आत टीव्ही चालू होता. दुसऱ्या दारातली बाई तिला ओळखत होती, पाया पडली, म्हणाली, "आता तर सरकार देतं ना, अक्का? बोर्ड बघितला ना आम्ही," आणि भिकुबाई काही बोलायच्या आत कुकरची शिट्टी झाली म्हणून आत पळाली, ती आलीच नाही. भिकुबाई बंद दारासमोर उभी राहिली. एवढी वर्षं झोळी बोलायची, दार उघडायचं. आज झोळीकडे कुणाला बघायलाच येत नव्हतं. म्हणजे आता तोंडाने म्हणावं लागणार. तो शब्द तिच्या घशात होता, एका अक्षराचा, तिच्या आईने पाच दारी म्हटलेला. ती तशीच जिना चढली. गुडघे दुखले. बरंच झालं दुखले, तिला वाटलं.

तिसरं दार एका पोरीने उघडलं, विशीतली, गळ्यात नवं मंगळसूत्र, कानाला फोन. मागे ओट्यावर परात, परातीत पीठ ओतायचं होतं एवढ्यात घंटी वाजलेली.

"द्या," भिकुबाई म्हणाली.

म्हणून झालं. काही कोसळलं नाही. जिन्यात कुणीतरी चप्पल फटफटत खाली गेलं. पोरीने फोन खाली घेतला. "काय, आजी? वर्गणी का? स्कॅनर आहे का तुमच्याकडे? मी शंभर पाठवते."

"पैसे नको. तू आत्ता मळणार आहेस ना, त्यातली आधी एक मूठ. रोज. डब्यात टाकून ठेवायची, गुरुवारी मी येईन न्यायला."

"एक मूठ?" पोरीला ते इतकं थोडं वाटलं की तिला संशय आला. "आजी, शंभर रुपयांत दोन-तीन किलो येईल. एकदाच घेऊन टाका ना."

"एकदाच दिलं की तू विसरशील."

पोरगी जरा चिडली, जरा हसली. रावेरकडची असावी, हेल तसा होता. आत गेली, पिठाच्या पिशवीत हात घातला आणि मूठ बाहेर काढून तशीच दाराशी आली, बोटांतून पीठ फरशीवर सांडत. झोळीवर हात धरून थांबली. उघडेना.

"पण हे कोणासाठी?"

भिकुबाईने तिच्याकडे पाहिलं. दोन दिवसांत पहिल्यांदाच तिला काही ठरवावं लागलं नाही.

"माले ठाऊक नही," ती म्हणाली.

पोरगी वाट बघत राहिली, पुढे काही येईल म्हणून. पुढे काही आलं नाही. मग तिने मूठ उघडली.

भिकुबाईने झोळीचं तोंड आवळलं आणि समोरच्या दाराची घंटी दाबली.